सत्काराची शाल आणि पहिले सत्र

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यांतून सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात नाही तर उर्दू शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात. व्यासपीठावर नगरसेवक, जमातीचे सदर, एखादे डॉक्टर, एखादे निवृत्त पोलीस अधिकारी. शाल, गुच्छ आणि प्लॅस्टिकचा सोनेरी मनोरा. भाषणे ठरलेली. 'इक्रा'पासून सुरुवात, मग इल्मसाठी चीनला जाण्याची ती हदीस (ही हदीस जाणकार कमकुवत मानतात, हे ठाऊक असलेले मौलाना त्या दिवशी मान हलवत बसतात), मग मौलाना आझाद, मग अब्दुल कलाम, आणि हल्ली फातिमाबी शेख. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात जिचे नाव आले त्या बाईने कोणत्या परिस्थितीत शिकवले असेल, याचा विचार भाषण करणाऱ्याने केलेला नसतो. शेवटी बिर्याणी. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर.

आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच, की डिसेंबरात हीच मुले कुठे असतात हे पाहायला यांच्यापैकी कोणी जाते काय?

डिसेंबर आम्ही मुद्दाम म्हणतो. तोवर पहिले सत्र संपलेले असते. जूनमध्ये शाल पांघरलेला मुलगा तोवर तीन विषयांत अडकलेला असतो आणि मामाच्या गॅरेजमध्ये उभा असतो. मुलीचे तर नावही निघत नाही. 'उसकी बात पक्की हो गयी' एवढे कळते. आणि मोहल्ला म्हणतो, त्याचे मन अभ्यासात नव्हतेच.

पहिले सत्र हे काय प्रकरण आहे, ते वार्षिक परीक्षेच्या काळात पदवी घेतलेल्यांच्या ध्यानात येत नाही. त्या काळी जूनला कॉलेज सुरू व्हायचे. गणपती-दिवाळी होईपर्यंत पोरगा ग्रंथालय कुठे आहे ते शोधायचा, सहामाहीत आपटी खायचा आणि मार्च-एप्रिलपर्यंत सावरायचा. आपटी खायची मुभा होती. मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून प्रथम वर्षाला श्रेयांक आणि सत्र पद्धत आली. इतर विद्यापीठेही याच वाटेने गेली. २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत उतरले आणि गाडा आणखी भरला. एका सत्रात वीस-बावीस श्रेयांक; त्यात मुख्य विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. कागदावर नव्वद अध्यापन दिवस. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, त्यामुळे अभियांत्रिकीला शेवटच्या फेरीत जागा मिळालेला मुलगा वर्गात पाऊल टाकतो तेव्हा गणिताचा पहिला घटक फळ्यावरून पुसलेला असतो. आणि या नव्वद दिवसांचे गुण शेवटच्या गुणपत्रिकेपर्यंत पाठ सोडत नाहीत. ज्या काळात पोराने चुकायचे, विचारायचे, बिचकायचे, नेमका तोच काळ आता तोलून-मापून हिशेबात धरला जातो.

ज्याच्या घरात बाप पदवीधर, मावशी प्राध्यापिका, त्याला जेवताना सगळे कळते. जर्नलवर वेळेत सही घे, अंतर्गत चाचणी बुडवू नको, हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर परीक्षेचा अर्ज अडतो. आमच्या बागवानाच्या, पिंजाऱ्याच्या, शिकलगाराच्या घरात हे सांगणार कोण? 'एटीकेटी' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा येतो तो निकालाच्या दिवशी, आणि अम्मी विचारते, "ये पास है के नापास?" याचे उत्तर त्या मुलालाही धड देता येत नाही. वस्तुतः एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसण्याची सोय आहे. आमच्याकडे ती नापासाची सनद समजली जाते आणि पोरगा घरी बसतो. एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसल्यामुळे शिक्षण सुटलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला, तेव्हापासून आमचे पुढारी त्याचे नाव जपमाळेसारखे घेतात. फार थोड्यांनी तो उघडला असावा. त्यातले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान, आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक. जिना चढताना आमचे माणूस गळत जाते, असे हा अहवाल सांगतो आणि आम्ही मात्र फक्त दरवाजाची चर्चा करतो. जागा किती, आरक्षण किती, प्रवेश किती. त्याच अहवालात असेही आहे की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी तीन टक्क्यांच्या आसपासच मदरशात जातात. 'तुमची मुले मदरशातच जातात, मग मागे पडणारच' असे उठता-बसता सुनावणाऱ्या बाहेरच्या विद्वानांसाठी हा आकडा येथे नोंदवून ठेवतो. बाकीची शाळेत जातात महाराज, आणि तिथूनच गळतात.

आता भाषा. आमच्या संमेलनांतून आणि अंकांतून माध्यमाचा वाद पुष्कळ झाला. उर्दूवाले म्हणतात मराठीमुळे तहजीब जाईल. मराठीवाले म्हणतात उर्दूमुळे पोरे वेगळी पडली. आम्ही मराठीत लिहितो, मराठी ही आमची भाषा आहे, आणि तरीही पहिल्या सत्राच्या वर्गात हा वाद निरर्थक ठरतो असे आमचे मत आहे. उर्दू माध्यमाच्या मुलीने दहावीपर्यंत कोनाला जाविया म्हटले, त्रिकोणाला मुसल्लस म्हटले. रत्नागिरीच्या किंवा सांगलीच्या खेड्यातल्या मराठी शाळेतल्या मुलाने कोन आणि त्रिकोण म्हटले. दोघांनाही पुढे इंग्रजीच्या एकाच भिंतीवर डोके आपटावे लागते. त्या मुलाशेजारी बसलेला धनगराचा, मांगाचा, कुणब्याचा पोरगाही तिथेच आपटतो. अकरावी-बारावी या भिंतीत दार पाडील असे वाटते, पण ती दोन वर्षे क्लासच्या नोट्स आणि सीईटीच्या पर्यायांवर निघून जातात. चारपैकी एका गोलाला काळे करणे वेगळे आणि परीक्षेत इंग्रजीत पाच ओळी लिहिणे वेगळे. तिथे विषय येत असूनही मुलगा गप्प राहतो, प्राध्यापक समजतात हा मठ्ठ आहे, आणि महिन्याभरात मुलालाही तसेच वाटू लागते.

हे दुखणे सर्व बहुजनांचे आहे. आमच्या मुलांच्या वाट्याला त्याशिवाय थोडे जास्तीचे येते, आणि त्याविषयी बोलले की आम्ही रडगाणे गातो असे म्हटले जाते. म्हटले जाऊ द्या.

पहिल्या दिवशी हजेरी होते. नाव उच्चारले की दोन माना वळतात. मधल्या सुट्टीत कोणीतरी प्रेमाने म्हणते, "अरे, तू मराठी छान बोलतोस की!" ज्याचा आजा पंचगंगेच्या काठी शेती करून मेला, ज्याच्या घरात ओवीवर जाते फिरले, त्याला त्याच्याच भाषेचे प्रमाणपत्र मिळते. वाईट हेतू नसतो, हे आम्ही मान्य करतो. पण रोज एक प्रमाणपत्र मिळाले तर माणूस मागच्या बाकावर जाऊन बसतो. मग खोलीचा प्रश्न. पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्या मुलाला फोनवर भाडे, अनामत, चप्पल कुठे काढायची इथपर्यंत सगळे सांगतात. नाव सांगितले की जागा 'कालच गेली' असते. सत्राचे पहिले तीन आठवडे तो मित्राच्या मित्राच्या खोलीवर गादी टाकून असतो. तिथे टेबल नसते, रात्री बारापर्यंत दिवा नसतो, सकाळी आंघोळीला रांग असते. त्याची पहिली चाचणी कशी गेली असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आणि कागद! आमच्या ओबीसी जातींना सवलत आहे, ही चळवळीची कमाई आहे. नव्वदच्या दशकात मुस्लिम ओबीसी कार्यकर्त्यांनी जिल्हे तुडवले म्हणून ती पदरात पडली. पण जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात लिहिलेले असते 'मुसलमान', कुठे नुसते 'इस्लाम'. बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार लिहायचे गुरुजींना सुचले नाही आणि आजोबांनाही सांगावेसे वाटले नाही. आता नातू इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात कार्यशाळेचे तास बुडवून जिल्ह्याच्या कार्यालयात रांगेत उभा. कोतवालबुकाची नक्कल, मोडीतल्या नोंदीचे वाचन, शपथपत्र, पुन्हा त्रुटीपत्र. मुदतीत वैधता आली नाही तर खुल्या वर्गाची फी भरा. जमातीच्या सदरसाहेबांना आमची विनंती आहे की शाल घालण्याऐवजी दहावीच्याच मुलांच्या घरी जाऊन हे कागद काढायला लावा. बारावीनंतर फार उशीर होतो.

मुलींचे सांगू लागलो तर अंक पुरणार नाही. एकच साधी गोष्ट घ्या. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट असतो. पदवीच्या पहिल्या सत्रात तो फुकट राहत नाही. विद्यार्थी सवलत असते, तरी एक तृतीयांश भाडे दर महिन्याला रोख मोजावे लागते. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात मुलीच्या शिकण्याला 'तोवर शिकू दे' एवढीच संमती असते, त्या घरात ही छोटी रक्कमच निमित्त होते. अब्बा हिशेब मांडतात. फुफी म्हणते, "इतना पढ़के क्या करना, आखिर रोटियांच डालनी है ना." दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येतात. परीक्षा कधी दिवाळीच्या आधी, कधी नंतर. नंतर असली की ती मुलगी अर्थशास्त्राचे पुस्तक चटईखाली ठेवून चहाचा ट्रे उचलते. लग्न करू नका असे आम्ही म्हणत नाही. पण बस्ता, मंगनी, पाहुणे हे सगळे परीक्षेच्या वेळापत्रकाआधी का ठरते? घर बांधताना आपण पावसाळा बघतो. मुलीच्या परीक्षेची तारीख मात्र कोणी बघत नाही.

तिच्या कपड्यावरून जे चालले आहे त्याबद्दलही दोन्ही बाजूंना सुनावले पाहिजे. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, नकाब, टोपी, बिल्ले यांना वर्गात बंदी केली. मुली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बिल्ल्यांपुरती त्या बंदीला स्थगिती दिली, बुरखा-नकाब वर्गात नको हे कायम ठेवले. जून ते ऑगस्ट, म्हणजे सत्राचा गाभाच गेला की! आमच्यात बुरख्याविरुद्ध बोलणारे आहेत, आम्हीही बोलत आलो आहोत, आणि बोलू. पण फाटकावर मुलीला उभे करून प्रबोधन होत नाही, त्याने गैरहजेरी लागते. आणि तिकडे आमचे जे भाईजान 'हिजाब नाही तर कॉलेजच नको' म्हणून तिच्या वतीने परस्पर घोषणा देतात, त्यांच्या स्वतःच्या मुलाचे कॉलेज त्या आठवड्यात एक दिवसही बुडालेले नसते. दोघांच्या भांडणात तास गेले ते तिचेच.

या सगळ्याचे टोक कुठे असते, तेही सांगणे भाग आहे. जळगाव जिल्ह्यातली डॉ. पायल तडवी, तडवी भिल्ल या मुस्लिम आदिवासी समाजातली मुलगी, एमबीबीएस होऊन मुंबईत पदव्युत्तर शिक्षणाला आली आणि २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरला गेला. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पायल पहिल्या सत्राची नव्हती. ती कितीतरी पायऱ्या चढून गेली होती. इतके चढूनही एकटेपण सोबत येते, हे तिच्या मरणाने दाखवले. आमच्या किती शादीखान्यांत तिच्यासाठी सभा झाली? तडवी म्हणजे 'आपल्यातले' की नाहीत, याचीच काही ठिकाणी चर्चा चालू होती असे आम्ही ऐकले आणि मान खाली गेली.

याला उत्तर म्हणून ठरलेली तीन वाक्ये येतात. पहिले, "पढ़के नौकरी कौन देनेवाला है?" नोकरी मिळेलच असे कोणी सांगत नाही, हिंदू-मराठा पोरालाही सांगत नाही. पण गॅरेजमध्येही आज गाडीचा संगणक लावून दोष शोधावा लागतो, आणि तो लावणाऱ्याला इंग्रजीतली सूचना वाचावी लागते. न शिकलेल्याला कोण काय देतो, याचा हिशेब हे लोक मांडत नाहीत. दुसरे वाक्य, "आमच्या वेळी कोण होते? आम्ही शिकलोच ना." शिकलात, मुबारक. तुमच्याबरोबर वर्गात असलेल्या आठ-दहा मुसलमान पोरांची नावे आठवून पाहा आणि किती पदवीपर्यंत पोचली ते सांगा. जो तरला तोच किनाऱ्यावर उभा राहून पाणी खोल नव्हते म्हणतो. बुडालेल्याची साक्ष कोण काढणार?

तिसरे वाक्य जरा वजनदार आहे: "सरकारच काही करत नाही." खरे आहे. २०१४ च्या जुलैत राज्याने वटहुकूम काढून पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले अडवले, शिक्षणातले चालू राहू दिले. आणि नव्या सरकारने वटहुकुमाचा कायदाच केला नाही, म्हणून तो विरून गेला. न्यायालयाने जे राखले ते सरकारने सांडले. २०२२ च्या डिसेंबरात मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने बंद केली. त्याआधी महिनाभर मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी काढून घेतली. केंद्राच्याच उच्चशिक्षण पाहणीत २०१९-२० साली देशात २१ लाख मुसलमान विद्यार्थी होते, ते २०२०-२१ मध्ये १९ लाख २१ हजारांवर आले. टाळेबंदीच्या त्या वर्षी देशातली एकूण विद्यार्थीसंख्या वाढत असताना आमची घटली. याविरुद्ध लढलेच पाहिजे, मोर्चे काढलेच पाहिजेत. परंतु मोर्चाचे निवेदन कलेक्टरच्या टेबलावर असते तेव्हा त्या पोराच्या मेसचे पैसे थकलेले असतात. सरकारने दिले नाही म्हणून जमातीनेही देऊ नये, हे कोणत्या किताबात लिहिले आहे?

शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. शाळा काढल्या म्हणजे पोरे शिकतात असे त्यांनी मानले नाही. खेड्यातून आलेल्या पोराला झोपायला जागा, दोन वेळची भाकरी आणि रात्री दिवा लागतो, म्हणून कोल्हापुरात त्यांनी वसतिगृहांची रांग उभी केली. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग निघाले ते त्यांच्याच पुढाकाराने, आणि त्या एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. त्यांच्यापुढे उदाहरणे देणारे, भाषणे करणारे तेव्हाही असतील. त्यांनी खोल्या बांधल्या. पुढे कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका ताटात जेवायला बसवली आणि 'कमवा व शिका' रुजवले. कमावणे आणि शिकणे यांची सांगड संस्थेने घालून दिली होती. आमचा आजचा मुलगा स्वतःच सांगड घालतो: सकाळी सात ते बारा कॉलेज, एक ते नऊ दुकान, आणि प्रॅक्टिकल दुपारी असले की प्रॅक्टिकलला दांडी.

मशिदींची दुरुस्ती चालू आहे, चांगली गोष्ट. मिनार उंच होत आहेत. त्याच मशिदीला लागून मदरशाची खोली असते. इशानंतर तिला कुलूप लागते. तिथे दोन ट्यूबलाइट, चार टेबले आणि इंग्रजी-मराठी-उर्दू शब्दकोश ठेवायला कोणत्या मसलकाची हरकत आहे? मोहल्ल्यात बीएस्सी झालेला एकतरी असतोच. त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी पहिल्या सत्राच्या पोरांजवळ बसावे. शिकवायचे नाही, नुसते जर्नल कसे लिहायचे, अर्ज कुठे भरायचा, पुनर्मूल्यांकन म्हणजे काय, सरांना प्रश्न कसा विचारायचा, एवढे सांगावे. मुलींची वेगळी वेळ ठेवा, मुलीच त्यांना शिकवतील. जकातीचा पैसा गरजू विद्यार्थ्याला देता येतो, हे उलेमा सांगतात. मग रमजानमध्ये वाटून संपवण्याऐवजी थोडा नोव्हेंबरसाठी, परीक्षा फीसाठी बांधून ठेवायला काय अडचण आहे, हे त्यांनीच मिंबरवरून सांगावे. आणि ज्या संस्था आमच्याच नावाने अल्पसंख्याक दर्जा घेऊन कॉलेजे चालवतात, त्यांच्या संचालकांनी सांगावे की पहिल्या सत्रात त्यांच्याकडची किती मुले गळली. प्रवेशाचा आकडा ते फलकावर लावतात. शेजारी हाही लावावा.

यंदाच्या सत्काराची पत्रिका आली आहे. प्रमुख पाहुण्यांत आमचेही नाव छापले आहे. आयोजकांना आम्ही कळवले आहे की जूनमध्ये येणे जमणार नाही. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात हाच हॉल घ्या, गेल्या वर्षी शाल दिलेल्या पोरापोरींची यादी काढा, जी येणार नाहीत त्यांच्या घरी आधी जाऊन या, आणि मग बोलवा. त्या दिवशी हार नको. बिर्याणीचे पैसे वाचतील, त्यातून किती जणींचे एसटी पास निघतात ते तिथेच बसून मोजू. चहा आम्ही आणतो.